सातव्या वळणावरचा शिक्का

मुरुड, जि. लातूर
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय रामकिशन काकांना,
सविनय जय भीम.

फोन केला असता तर तुम्ही "हाव, हाव, समदे बरे हाईत" म्हणून ठेवून दिला असता, आणि मी काय विचारलं ते मग तुमच्या सुनेला, उज्वला वहिनीला विचारत बसला असता. तुमच्या कानांना दोष नाही, पण काम महत्त्वाचं आहे, म्हणून पत्र लिहिते. अडतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटलीत, एक स्वतःलाही येऊ द्या.

आमची शिवार शाळा तुम्हाला माहीत आहे. मुरुड ते किल्लारी या पट्ट्यातल्या दहा शाळांची पोरं दर शनिवारी वर्गाबाहेर जातात. दोरीला गाठी मारून विहिरीचं पाणी मोजतात, बांधावरची झाडं ओळखतात, कुठल्या महिन्यात कुठला पक्षी आला ते लिहून ठेवतात. आमच्या शाळेला शिकवायला नीलाबाई आहेत. तीस वर्षं शेळ्या राखलेली बाई, सही करताना अजून हात थरथरतो, पण बेचाळीस जातींची गवतं तोंडपाठ आहेत. पुस्तकातलं पर्यावरण मी शिकवते, खरं त्या शिकवतात.

याचा खर्च लातूरची एक संस्था करत होती. आता ती म्हणते, लोकांचा उत्साह दिसल्याशिवाय पुढचं वर्ष नाही. त्यातून सायकल मोहीम ठरली. देगलूरहून निघायचं, बालाघाटाच्या डोंगरवाटांनी उदगीर, निलंगा, किल्लारी करत तीन दिवसांत मुरुडला पोचायचं. सव्वादोनशे किलोमीटर. दहा सायकलस्वार, प्रत्येकाच्या कार्डावर एका शाळेचं नाव. वाटेत पाच चौक्या. ज्याच्या कार्डावर पाचही शिक्के, त्याच्या शाळेला वर्षभराची शिवार शाळा. अट एकच आहे, सगळं अंतर स्वतःच्या पायांनी कापायचं. दम लागला तर उतरून सायकल ढकला, पण गाडीत बसायचं नाही.

मीही दहांत आहे. माझ्या कार्डावर माझीच शाळा आहे.

पहिली चौकी तुमच्या सात वळणांच्या घाटावर आहे. तिथं शिक्का घेऊन कोण बसणार असं बैठकीत विचारलं, तेव्हा मी कुणालाही न विचारता तुमचं नाव सांगून टाकलं. आता नाही म्हणू नका.

तुमची पुतणी,
बुद्धप्रिया


देगलूर
२७ नोव्हेंबर २०२४

प्रिय बुद्धप्रिया,
सप्रेम जय भीम.

पत्र नऊ दिवसांनी मिळालं. माझ्या वेळी तीन दिवसांत मिळालं असतं. असो.

बसतो. त्या घाटानं माझ्या दोन सायकली आणि एक गुडघा खाल्ला आहे, त्यामुळं त्याच्या डोक्यावर आरामात खुर्ची टाकून बसायची संधी मी सोडणार नाही. तुझे वडील हयात असताना एकदा हौसेनं माझ्यासोबत आले होते. तिसऱ्या वळणावर बसले आणि म्हणाले, रामकिशन, तू जा, मी हितंच तुझी वाट बघतो. आनंदराजदादाची तू लेक, म्हणून आधीच सांगतो. पहिली चार वळणं माणसाला फसवतात. पाचवं आणि सहावं खरं रूप दाखवतं. सातव्यावर सावली आहे, तिथं मी असेन.

सराव कर. मुरुडच्या सपाटीवर चाललेली सायकल घाटात चालत नाही.

शिक्का सरकारी वापरता येत नाही, निवृत्त माणसानं तो हातात धरणंही गुन्हा आहे. बाजारात एकाकडून नवा करवून घेतो. गोल, मध्ये तारीख, खाली वेळ.

काका


मुरुड
२० डिसेंबर २०२४

आदरणीय काका,
जय भीम.

घाईत लिहिते. मोहीम १० जानेवारीला, शुक्रवारी पहाटे निघेल. शिक्क्यावर तारीख आणि वेळ दोन्ही लागतीलच, संस्थेचे सचिव श्रीमंतराव फार काटेकोर आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

सराव जोरात चालू आहे. रोज पंधरा किलोमीटर होतात. पोरांनी माझ्या सायकलला बाभळीच्या शेंगांची माळ बांधली आहे, ती चाकात अडकते, पण काढली तर रुसतात.

तुमची,
बुद्धप्रिया

ता. क. रोज म्हणजे सुट्टीचे दिवस आणि परीक्षेचे दिवस सोडून.


देगलूर
१४ जानेवारी २०२५

प्रिय बुद्धप्रिया,
सप्रेम जय भीम.

तुम्ही सगळे रविवारी मुरुडला सुखरूप पोचलात हे उज्वलेनं फोनवरचे फोटो दाखवून सांगितलं. तुझ्या गळ्यात हार आहे आणि पोरं तुला ओढून राहिली आहेत, असा एक फोटो आहे. तो मी तिला कागदावर काढून आणायला सांगितला.

वेळेचं तू मला मुद्दाम सांगितलंस. ज्यानं हयातभर शिक्के मारले त्याला वेळेचं सांगू नये. तरी राग नाही.

दिवस चांगला गेला. सगळ्यांत आधी तुमच्यातली ती नर्स वर्षाराणी आली, तिच्या चेहऱ्यावर थकव्याचा पत्ता नव्हता. सगळ्यांत शेवटी आमच्याच गावचा सत्यम, सायकल ढकलत, साती वळणं पायी. शिक्का मारताना त्याचं कार्ड मीच धरलं. तुझ्या वहिनीनं केलेल्या तिळाच्या पोळ्या सगळ्यांनी खाल्ल्या. तू मात्र घाईत होतीस, अर्धीच खाल्लीस.

एक विचारायचं होतं. सहाव्या वळणाच्या वर तू थांबली होतीस का? काही त्रास झाला होता का? सांगावंसं वाटलं तर सांग.

काका


मुरुड
२२ जानेवारी २०२५

आदरणीय काका,
जय भीम.

त्रास काही नाही. जरा श्वास घ्यायला थांबले होते. तुमची नजर अजून तरुण आहे म्हणायची.

काका, हे तीन दिवस मी विसरणार नाही. किल्लारीच्या शाळेत पोरांनी आमच्या सायकली धुवून दिल्या. मुरुडच्या वेशीवर नीलाबाई हातात गवताची एक पेंडी घेऊन उभ्या होत्या. बाकीच्यांनी हार आणले, त्यांनी पवन्या आणला. म्हणाल्या, "हाराची फुलं इकतची हाईत, ह्यो आपल्या बांधावरचा हाय." दहाही कार्डं मी स्वतः नेऊन श्रीमंतरावांच्या टेबलावर ठेवली. दहा शाळा झाल्या, आता काळजी नाही.

तुमचे उपकार मानणार नाही, तुम्ही रागवाल.

बुद्धप्रिया


मुरुड
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काका,

संस्थेनं कार्डं परत पाठवली आहेत. बाकी चार चौक्यांवर प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. तुमच्या चौकीवर दहाही कार्डांवर एकच वेळ आहे, सकाळी ८.१०. श्रीमंतरावांचं म्हणणं, दहा माणसं सात वळणं चढून एकाच मिनिटाला पोचू शकत नाहीत, म्हणजे कार्डं कुठंतरी एकत्र बसून शिक्के मारून घेतलेली आहेत. पहिली चौकीच संशयात, तर बाकीचं बघायचीही गरज नाही, असं ते म्हणाले. फेब्रुवारीअखेर समाधानकारक खुलासा आला नाही तर दहाही शाळा रद्द.

मी काय उत्तर देऊ? तुम्ही वेळ का बदलली नाही?

बुद्धप्रिया


देगलूर
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय बुद्धप्रिया,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा माझी चूक मला समजली. पहिल्यांदा वाचताना ती चूक आहे हेच कळलं नव्हतं.

टपालात दस्तूर असा आहे. सकाळची थैली आली की शिक्क्यात सकाळची वेळ लावायची, आणि थैलीतलं शेवटचं पत्र होईपर्यंत ती बदलायची नाही. शेवटच्या पत्राला दुपार झाली तरी ते सकाळच्या थैलीचंच. प्रत्येक पत्राला वेळ बदलत बसलं तर टपाल वाटायचं कधी? वर्षाराणी आली, मी ८.१० लावलं. तुम्ही दहाजण एकत्र निघाला होता, मी तुम्हाला एक थैली धरलं. हात आपोआप चालला. त्यात खोटं आहे हे डोक्यात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं येत नाही.

पण खुलासा आहे माझ्याकडं. फेरीवर असताना मी एक लहान वही खिशात ठेवायचो. कुठलं पत्र कुणाच्या हातात, किती वाजता, माणूस घरी नसेल तर का नव्हता, सगळं तिथल्या तिथं लिहायचं. ती सवय गेली नाही. घाटावरही वही खिशात होती. दहाही जणांची पोचल्याची वेळ, मिनिटासकट, कोण सायकलवर बसून आलं, कोण ढकलत आलं, त्यात आहे.

ती वही संस्थेला दाखवली की प्रश्न मिटेल. पाठवू का ते सांग. तू म्हणशील तेव्हाच पाठवीन.

काका


देगलूर
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय बुद्धप्रिया,

सोळा दिवस झाले, उत्तर नाही. पत्र गहाळ झालं असेल असं पहिला आठवडा समजलो. मग उज्वलेनं फोन केला, तर तू म्हणालीस म्हणे, मिळालं आहे, लिहिते.

इकडं चर्चा पोचली आहे. परवा चहाच्या हॉटेलात कुणीतरी मला ऐकू येत नाही असं समजून बोललं, "बुड्ढ्यानं घरी खाटंवर बसून शिक्के मारलेत." नेमकं तेवढं ऐकू आलं. चहा तसाच ठेवून उठलो. अडतीस वर्षांत माझ्याविरुद्ध एक अर्ज नाही.

तुलाही तसंच वाटत असेल तर तसं लिही. मला वाईट वाटेल, पण काय ते कळेल. महिनाअखेरीला चार दिवस उरलेत.

काका


मुरुड
१ मार्च २०२५

आदरणीय काका,

मुदत काल संपली. श्रीमंतरावांकडून पंधरा दिवस वाढवून आणले आहेत. काय कारण सांगितलं ते विचारू नका.

तुम्ही खोटे शिक्के मारलेत असं मला एक क्षणही वाटलं नाही. उत्तर दिलं नाही याचं कारण दुसरं आहे. तुमची वही बाहेर आली तर मी पकडली जाईन, म्हणून मी गप्प होते.

पाचव्या वळणाच्या अलीकडं माझे पाय संपले. सराव मी केलाच नव्हता, पंधरा किलोमीटर फार तर सहा वेळा झाले असतील. उतरून ढकलत होते. मागून एक निळा टेम्पो आला, सोयाबीन उतरवून रिकामी पोती घेऊन परत चाललेला. तो थांबला. "ताई, बसा की वर, कोन बघतंय," म्हणाला. मी सायकल वर चढवली. दोन वळणं. मध्ये सत्यम दिसला, खाली मान घालून सायकल ढकलत होता. मी रिकाम्या पोत्यांच्या ढिगाआड तोंड लपवलं. सहाव्याच्या वर उतरले, बाटलीतलं पाणी तोंडावर आणि गळ्यावर ओतलं, घाम दिसावा म्हणून, आणि सायकलवर बसून तुमच्यापर्यंत आले.

बाकीचे दोनशे किलोमीटर मी खरोखर सायकल चालवली, काका. निलंग्याच्या चढावर रडत चालवली. पण ते आता कुणाला सांगू?

तुमचा ८.१० चा शिक्का परत आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? बरं झालं, आता कुणालाच काही कळणार नाही. तुमच्यावर आळ आला, नऊ जणांवर आला, आणि मला बरं वाटलं. दुसऱ्या क्षणी लाज वाटली, पण आधी बरं वाटलं हे खरं आहे. मग तुमची वही निघाली. वही दिली तर नऊ शाळा वाचतात आणि माझी जाते. नाही दिली तर दहाही जातात, पण माझं नाव राहतं. सोळा दिवस मी हे तोलत होते. आता वही पाठवा.

बुद्धप्रिया


देगलूर
५ मार्च २०२५

प्रिय बुद्धप्रिया,
सप्रेम जय भीम.

मला माहीत होतं.

सातव्या वळणावरून खालचा रस्ता पाचव्याच्याही खालपर्यंत दिसतो. पाचव्याच्या अलीकडं निळा टेम्पो थांबला, एक सायकल वर चढली आणि सहाव्याच्या वर खाली उतरली, शेंगांची माळ असलेली. तू आलीस तेव्हा चेहरा ओला होता आणि पाठ कोरडी. घाट चढलेल्या माणसाची आधी पाठ भिजते. त्याच वेळी वहीत लिहिलं आहे, तू बघशीलच. "क्र. ९. बुद्धप्रिया. ९.२२. पाचवं, सहावं वळण टेम्पोतून."

मग शिक्का का मारला, असं विचारशील. मी स्वतःला सांगितलं की शिक्का फक्त पत्र इथं पोचलं एवढंच सांगतो, कसं पोचलं ते पाठवणाऱ्यानं सांगायचं असतं. हे टपालापुरतं खरं आहे. पण तिथं मी टपालवाला नव्हतो, चौकीदार होतो, आणि अट मला पाठ होती. खरं कारण असं की तू माझ्या भावाची लेक, पोळी अर्धी टाकून खाली बघत उभी राहिलीस, आणि माझा हात थांबला नाही. ही माझी बेइमानी. तुझ्या दोन वळणांएवढीच आहे. मी पत्रात तुला दोनदा वाट करून दिली, एकदा सहाव्या वळणाचं विचारलं, एकदा वहीचं. तू दोन्ही वेळा दुसरीकडून गेलीस, त्याचं वाईट वाटलं. हॉटेलातल्या बोलण्यापेक्षा जास्त वाटलं.

वही रजिस्टर्ड टपालानं तुझ्या नावानं पाठवली आहे, संस्थेच्या नावानं नाही. पान फाडू नकोस असं लिहिणार होतो, मग खोडलं. तुला सांगायची गरज नाही.

काका


मुरुड
२० मार्च २०२५

आदरणीय काका,
जय भीम.

वही ११ तारखेला सही करून घेतली आणि त्याच दिवशी लातूरला गेले. श्रीमंतरावांनी चष्मा लावून पान वाचलं. नवव्या ओळीवर थांबले. "हे रामकिशन तुमचे कोण?" म्हणून विचारलं. सख्खे काका, मी म्हणाले. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि बाजूच्या कारकुनाला सांगितलं, "नऊ मंजूर करा. सख्ख्या पुतणीबद्दल असं लिहिणारा माणूस बाकीच्यांबद्दल कशाला खोटं लिहील?"

तेवढंच. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. मी मात्र त्या टेबलासमोर उभी राहून मनात म्हणत होते की माझी चूक निदान काहीतरी कामाला आली.

सत्यमच्या कार्डावरची शाळा मंजूर झाली. त्याला फोन करून टेम्पोचं सांगितलं. तो म्हणाला, "दिसलाव की तुमी." जानेवारीपासून त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

आपल्या शाळेचं गेलं. आमचा शनिवार नीलाबाई आता मंजूर झालेल्या दुसऱ्या गावच्या शाळेला देणार. मी त्यांना थांबा म्हणाले नाही. त्यांचं पोट आहे.

पोरांना सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. फळ्यावर सात वळणं काढली, कुठं चढले, कुठं बसले, सगळं सांगितलं. मग पाचवीतली शिवगंगा उठली. म्हणाली, "मॅडम, सातातले पाच वळणं तर तुमी चढल्यात ना? मंग पाच वळणाची शाळा द्या म्हनावं त्यायला." सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि मग मला फळ्याकडं तोंड करून उभं राहावं लागलं.

गेल्या शनिवारी त्यांना मीच शिवारात घेऊन गेले. कुसळी गवताला पवन्या म्हणाले. चार पोरांनी एकदम चूक काढली. नीलाबाईंचं शिकवणं तेवढं उरलं आहे.

काका, पाडव्याला तीन दिवस सुट्टी आहे. मी सायकल घेऊन देगलूरला येते. ती दोन वळणं राहिली आहेत, ती चढून जाते. संस्थेच्या कागदात त्यानं काही बदलणार नाही, मला माहीत आहे.

बुद्धप्रिया


देगलूर
२५ मार्च २०२५

प्रिय बुद्धप्रिया,
सप्रेम जय भीम.

ये. पण दोन वळणं नाही. पत्र अर्ध्या वाटेवरून सुटत नाही, खालपासून सुरू कर. सकाळी लवकर नीघ, मार्चचं ऊन आहे. ढकलत आलीस तरी चालेल, सत्यमही येतो म्हणाला.

फोटो कागदावर काढून आला आहे, तो भिंतीवर लावला. हॉटेलात परत जायला लागलो, चहा त्यांनी आपणहून दिला.

मी सातव्यावर खुर्ची टाकून बसतो. उज्वला पोळ्या करणार आहे, या खेपेला पूर्ण खायची. शिक्का घासून ठेवला आहे. त्यात तारीख लावली आहे. वेळ तू माझ्यासमोर येऊन उभी राहिल्यावर लावीन.

काका